शेळीच्या टी-पेशी कॉन-ए देऊनही मरत नाहीत आणि कंट्रोल मात्र मरतो: फासचा मृत्यू आणि आयएल-२ तुटल्याचा मृत्यू वेगळा कसा ओळखायचा?

मांजराकाठ, लातूर जिल्हा

नमस्कार मंडळी. एम.व्ही.एस्सी.च्या प्रबंधाचा प्रश्न आहे. सक्रिय झालेल्या टी-पेशी कोणत्या संदेशमार्गाने मरतात, हे उस्मानाबादी शेळीच्या रक्तातल्या लिम्फोसाइटवर पाहायचे आहे. प्राणी आचार समितीची परवानगी आहे.

पद्धत अशी: मानेच्या शिरेतून १० मिली रक्त, ईडीटीएच्या नळीत. पीबीएसने निम्मे पातळ करून १.०७७ घनतेच्या फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारा द्रव), ४०० जी, ३० मिनिटे. मधले लिम्फोसाइटचे वलय काढून अमोनियम क्लोराइडने लाल पेशी फोडल्या, १० मिनिटे. नंतर आरपीएमआय, १० टक्के एफबीएस, मिलीला १० लाख पेशी. कॉन-ए (टी-पेशी जागी करणारे प्रथिन) १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, २४ तास. शेवटी अ‍ॅनेक्झिन-व्ही एफआयटीसी (मरणाऱ्या पेशीच्या पडद्यावर बाहेर आलेल्या फॉस्फॅटिडिलसेरिनला चिकटते) आणि पीआय (पडदा फुटलेल्या पेशीतच शिरणारा रंग).

निकाल असा की कॉन-ए दिलेल्या आणि न दिलेल्या, दोन्ही विहिरींत २५ ते ३० टक्के पेशी अ‍ॅनेक्झिन-पॉझिटिव्ह. झेड-व्हॅड-एफएमके (पेशी मारणाऱ्या कॅस्पेज एन्झाइमांना अडवणारे) २० मायक्रोमोलर दिले तरी फरक नाही.

प्रश्न: कॉन-ए टी-रिसेप्टरमार्फत फास लिगँड (पेशीवरच्या फास या मृत्यू-रिसेप्टरला जोडणारे प्रथिन) आणते आणि पेशी मरते असे वाचले आहे, मग मरत का नाही? कंट्रोल इतका का मरतो? फासविरोधी सीएच-११ अँटिबॉडी शेळीवर चालेल का? शिवाय फ्लो सायटोमीटर इथे नाही, सॅम्पल घेऊन संभाजीनगरला जावे लागते. जाणकारांनी कृपया मार्ग सांगावा.

---

गोदातीर, नांदेड

तुमच्या पेशी २४ तासांत मरत नाहीत, हे बरोबरच आहे. त्या मरायला नकोत. तुम्ही वाचलेले वाक्य खरे आहे, पण ते पहिल्या दिवसाच्या पेशीबद्दल नाही. सगळा घोळ तिथे आहे.

टी-रिसेप्टरचा संदेश एकच असतो, पण पेशी कितव्या दिवसाची आहे यावर तो जगवतो की मारतो ते ठरते. रिसेप्टर जोडला गेला की लेक आणि झॅप-७० ही किनेझ जागी होतात, पीएलसी-गॅमा-१ चालते आणि पुढे दोन फाटे फुटतात. आयपी-३ मुळे कॅल्शियम वाढते, कॅल्सिन्युरिन चालते आणि एनफॅट (जनुके चालू करणारे प्रथिन) केंद्रकात जातो. दुसरीकडे डीएजीमुळे पीकेसी-थीटा आणि रास चालतात, त्यातून एनएफ-कप्पा-बी आणि ईआरके मिळतात. रक्तातून नुकत्याच काढलेल्या, आजवर विश्रांतीत असलेल्या पेशीत ही सगळी यंत्रणा वाढीकडे वळते. आयएल-२ हे टी-पेशी वाढवणारे संदेश-प्रथिन तयार होते, त्याचा रिसेप्टर पृष्ठभागावर येतो, एनएफ-कप्पा-बी सी-फ्लिप आणि बीसीएल-एक्सएल ही मृत्यू अडवणारी प्रथिने वाढवतो. फास रिसेप्टर पृष्ठभागावर येऊ लागतो, पण त्याच्या आतल्या बाजूला कॅस्पेज-८ चे काम सी-फ्लिप अडवून धरते. म्हणजे दार आहे, पण कुलूपबंद.

पाच-सहा दिवसांनी चित्र पालटते. सी-फ्लिप घटलेले असते, फास भरपूर असतो, पेशी आयएल-२ वर जगत असते. अशा पेशीला तोच रिसेप्टर-संदेश पुन्हा दिला की एनफॅट या वेळी फास लिगँड बनवायला लावतो. लिगँड फासला जोडतो, फासला एफएडीडी हे जोड-प्रथिन चिकटते, एफएडीडीला प्रोकॅस्पेज-८, आणि हा गट जमला की कॅस्पेज-८ स्वतःला कापून चालू होते. यालाच सक्रियताजन्य मृत्यू म्हणतात. तो दुसऱ्या उत्तेजनानंतर ६ ते २४ तासांत दिसतो. तुम्ही दुसरे उत्तेजन दिलेलेच नाही.

पुढचे टप्पे पेशीच्या जातीनुसार बदलतात, हेही प्रबंधात यायला हवे. काही पेशींत कॅस्पेज-८ थेट कॅस्पेज-३ कापते आणि काम संपते. या पहिल्या प्रकारच्या. दुसऱ्या प्रकारच्या पेशींत एक्सआयएपी हे प्रथिन कॅस्पेज-३ ला दाबून ठेवते, म्हणून मायटोकॉण्ड्रियाची मदत लागते: कॅस्पेज-८ बिड कापते, कापलेले बिड बॅक्स आणि बॅक यांना उघडायला लावते, सायटोक्रोम-सी बाहेर पडून अपाफ-१ बरोबर अपॉप्टोसोम बनवते, त्यावर कॅस्पेज-९ चालते. सोबत स्मॅक बाहेर येऊन एक्सआयएपीला बाजूला सारते. प्रयोगशाळांत सर्रास वापरली जाणारी जुरकॅट पेशी या दुसऱ्या प्रकारची आहे. त्यात भर म्हणजे जुरकॅटमध्ये पीटेन नाही, त्यामुळे एकेटी कायम चालू असते. जुरकॅटवरचा निष्कर्ष उचलून शेळीच्या ताज्या पेशीला लावू नका.

आता दुसरा मृत्यू. याचा फासशी संबंध नाही. आयएल-२ असेपर्यंत जॅक-१ आणि जॅक-३ मार्फत स्टॅट-५ चालतो, बीसीएल-२ आणि एमसीएल-१ बनत राहतात. पीआय-३ किनेझमार्फत एकेटी चालते आणि ती फॉक्सो-३ ला फॉस्फेट लावून केंद्रकाबाहेर ठेवते. ईआरके बिमला (पेशी मारणारे प्रथिन) फॉस्फेट लावते आणि ते नष्ट होत राहते. आयएल-२ काढून घेतले की हे तिन्ही आधार एकदम सुटतात. फॉक्सो-३ केंद्रकात शिरून बिमचे जनुक चालू करतो, असलेले बिम नष्ट व्हायचे थांबते, एमसीएल-१ आपोआप ओसरते. बिम मायटोकॉण्ड्रियावर जाऊन बीसीएल-२ ला निकामी करते आणि बॅक्स-बॅक उघडतात. याला २४ ते ४८ तास लागतात.

उंदरांतला पुरावा पाहिला तर दोन्ही मार्गांची कामे वेगळी दिसतात. एलपीआर उंदरात फासचे जनुक बिघडलेले आहे हे १९९२ मध्ये कळले, माणसातला तसाच आजार १९९५ मध्ये. दोन्हींत लसिका गाठी सुजतात आणि स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या पेशी साठतात. पण एकदाच येऊन गेलेल्या तीव्र संसर्गानंतर वाढलेल्या टी-पेशी जेव्हा ओसरतात, तेव्हा उंदरात मुख्य काम बिमचे असते. प्रतिजन पुन्हापुन्हा समोर येत राहिले तर फासचे वजन वाढते. म्हणून "टी-पेशी कशी मरते" हा प्रश्न "कोणत्या प्रसंगी" हे सांगितल्याशिवाय अर्धवट राहतो. तुमच्या गोषवाऱ्यात पहिल्याच ओळीत हे यावे, असे मला वाटते.

सीएच-११ बद्दल: ती माणसाच्या फासविरुद्धची आहे. शेळीवर पैसे घालवू नका. उंदराची जेओ-२ सुद्धा नको. शेळीवर काम करायचे तर प्रजातीवर अवलंबून नसलेली साधने निवडा: पीएमए आणि आयनोमायसिन (दोन्ही मिळून टी-रिसेप्टरचे दोन फाटे थेट चालवतात), सायक्लोस्पोरिन, डेक्सामेथासोन, स्टॉरोस्पोरिन, डीईव्हीडी सब्स्ट्रेट (कॅस्पेज-३ मोजायला) आणि अ‍ॅनेक्झिन. फॉस्फॅटिडिलसेरिन सगळ्या जनावरांत एकच, त्यामुळे अ‍ॅनेक्झिनला प्रजातीची अडचण नाही.

---

दुधनाकाठ, परभणी

गोदातीर सरांनी मार्ग उलगडून सांगितला. मी हाताच्या कामाकडे वळतो, कारण २५ टक्के कंट्रोल मरत असेल तर वरचा कोणताही प्रयोग वाचता येणार नाही.

आधी ईडीटीए. अ‍ॅनेक्झिनला फॉस्फॅटिडिलसेरिनला चिकटायला कॅल्शियम लागते आणि ईडीटीए तेच ओढून घेते. नीट धुतले नाही तर मरणारी पेशीसुद्धा निगेटिव्ह दिसते. हेपारिनची नळी वापरा. बाइंडिंग बफर असा: हेपेस १० मिलिमोलर, पीएच ७.४, मीठ १४० मिलिमोलर, कॅल्शियम क्लोराइड २.५ मिलिमोलर. हे पीबीएसमध्ये करू नका. फॉस्फेट आणि कॅल्शियम एकत्र आले की बारीक साका बसतो आणि सायटोमीटरवर तो पेशींच्या कचऱ्यासारखा दिसतो. एक नळी बफरमध्ये ५ मिलिमोलर ईडीटीए घालून रंगवा. तिच्यात जे हिरवे राहील ते खोटे.

आता तुमचा २५ टक्क्यांचा आकडा. माझा संशय पहिल्यांदा प्लेटलेटवर जातो. उत्तेजित प्लेटलेट बाहेरच्या बाजूला भरपूर फॉस्फॅटिडिलसेरिन दाखवते, ती लिम्फोसाइटला चिकटली की अख्खी पेशी अ‍ॅनेक्झिन-पॉझिटिव्ह मोजली जाते. झेड-व्हॅडने फरक पडत नाही याचे हे सरळ कारण असू शकते: तिथे कॅस्पेजचा मृत्यूच नाही. वलय काढल्यावर पहिली धुलाई ३०० जी, मग दोन धुलाया २०० जी, १० मिनिटे, आणि वरचा द्रव पूर्ण टाका. प्लेटलेट वर राहतात, लिम्फोसाइट खाली बसतात.

दुसरा संशय न्यूट्रोफिलवर. फायकॉल नीट चालला नाही तर ते वलयात येतात. न्यूट्रोफिल बाहेरच्या आधाराविना दिवसभरात स्वतःच अपॉप्टोसिसने मरतात, कारण त्यांचा तग एमसीएल-१ वर आहे आणि एमसीएल-१ काही तासांतच विघटित होते. जी-सीएसएफ किंवा जीएम-सीएसएफ मिळाले तर ते जास्त टिकतात. वलयातला एक थेंब काचपट्टीवर पसरून गिम्सा किंवा लिशमनने रंगवा. खंडित केंद्रकाच्या पेशी ५ टक्क्यांवर दिसल्या तर ते रक्त टाकून द्या. उगीच त्यावर अ‍ॅनेक्झिन घालवू नका.

शेळीच्या रक्ताला फायकॉल अवघड जातो हे मान्य करावे लागते. तिच्या लाल पेशी सस्तन प्राण्यांत अगदी लहानांपैकी, साधारण ३ ते ४ मायक्रॉन, आणि त्यांच्या चळती जमत नाहीत. माणसाच्या लाल पेशी गुच्छ करून खाली जातात, शेळीच्या वलयातच रेंगाळतात. म्हणून आधी पूर्ण रक्त १००० जी, २० मिनिटे फिरवून मधला पांढरट थर उचला, तो पीबीएसमध्ये दुप्पट करा आणि मग फायकॉलवर अलगद सोडा. ८०० जी, ३० मिनिटे, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थरच मोडतो.

तापमान फार महत्त्वाचे. फायकॉल २० अंशांच्या आसपास चालवायचा असतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये खोली ३८ ला असते आणि बाहेर ४२ च्या पुढे. फायकॉल गरम झाला की त्याची घनता उतरते आणि लिम्फोसाइट वलयात थांबण्याऐवजी खाली जातात. सेंट्रिफ्यूज थंडीचा नसेल तर रोटर आणि नळ्या आदल्या रात्री एसीच्या खोलीत ठेवा, काम सकाळी आठच्या आत उरका. रक्त गोठ्यावरून आणताना बर्फात नको आणि उघड्यावरही नको. थर्मासमध्ये, फ्रीजमधली जेलची पिशवी उपरण्यात गुंडाळून, नळी तिला थेट टेकणार नाही अशी. चार तासांच्या आत टेबलावर यायला हवे. गाडीत ४२ अंशांत पडलेले रक्त आणले तर पेशींत एचएसपी-७० चढते. हे प्रथिन अपॉप्टोसिस अडवते, आणि मग तुमची पॉझिटिव्ह कंट्रोलही मरेनाशी होते. कारण शोधत तुम्ही अभिकर्मकांना दोष देत बसाल.

अमोनियम क्लोराइड १० मिनिटे जास्त झाले. ०.८३ टक्के, ३ ते ५ मिनिटे, आणि लगेच चारपट आरपीएमआय. लाल पेशींचे फुटके पडदेसुद्धा अ‍ॅनेक्झिन पितात. ते आकाराने लहान असल्यामुळे पुढच्या विखुरणीवर (फॉरवर्ड स्कॅटर, म्हणजे आकारावर) गेट लावून काढता येतात.

आणि पाणी. आपल्या बोअरच्या पाण्यावरचे आरओ किंवा डिस्टिल्ड पाणी रासायनिकदृष्ट्या ठीक निघाले तरी त्यात जिवाणूंचे एंडोटॉक्सिन राहू शकते. ते मोनोसाइट आणि बी-पेशींना टीएलआर-४ मार्फत जागे करते, एनएफ-कप्पा-बी चालू होतो, टीएनएफ सुटतो. मग तुमचा "विश्रांतीतला" कंट्रोल विश्रांतीत नसतोच. औषधाच्या दुकानातले इंजेक्शनचे निर्जंतुक पाणी पायरोजनमुक्त असते. बफर त्यातच करा. खर्च किरकोळ आहे.

शेवटचे: शून्य तासाची नळी. पेशी लावल्या लावल्या एक भाग रंगवून ठेवा. शून्य तासालाच २० टक्के असेल तर दोष वेगळे करण्यात आहे. शून्याला ५ आणि २४ तासांना ३० असेल तर दोष कल्चरमध्ये आहे. हे माहीत नसताना आम्ही सगळे फक्त अंदाजच बांधतोय.

---

मांजराकाठ, लातूर जिल्हा

दोन्ही सरांचे मनापासून आभार. काचपट्टी आजच पाहिली: न्यूट्रोफिल आहेत, आणि प्लेटलेटचे झुबके तर लिम्फोसाइटला लटकलेलेच दिसतात.

पुढचे विचारते. पाच-सहा दिवस पेशी ठेवायच्या तर आयएल-२ शेळीचे मिळत नाही. माणसाचे चालेल का? आणि दुसऱ्या उत्तेजनाला पुन्हा कॉन-ए दिले तर पेशी एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात, ते मोजायचे कसे? आणि आयएल-२ जगवते म्हणता, मग फासच्या प्रयोगात ते घालून पेशी वाचणार नाहीत का?

---

गोदातीर, नांदेड

माणसाचे रिकॉम्बिनंट आयएल-२ गाय, मेंढी, शेळी या तिघींच्या टी-पेशींवर चालते. मिलीला २० ते ५० युनिट, दर दोन दिवसांनी अर्धे माध्यम बदलून. पहिल्या टप्प्यात कॉन-ए १० नको. जास्त मात्रेत ते स्वतःच पेशीला विषारी ठरते आणि तो मृत्यू तुमच्या मार्गाचा नसतो. २.५ ते ५ मायक्रोग्रॅम, ४८ तास. मग मिथाइल-अल्फा-मॅनोसाइड ५० मिलिमोलर, म्हणजे मिलीला साधारण १० मिलिग्रॅम, १५ मिनिटे. कॉन-ए साखरेला चिकटते, त्यामुळे ही साखर दिली की गठ्ठे सुटतात. दोनदा धुऊन आयएल-२ मध्ये टाका. रंगवण्याच्या आधीही हेच करा.

दुसऱ्या उत्तेजनाला कॉन-एपेक्षा पीएमए १० नॅनोग्रॅम आणि आयनोमायसिन ५०० नॅनोग्रॅम प्रति मिली घ्या. कॉन-एच्या चिकटपणाने होणारे गठ्ठे टळतात. दोन्ही एकत्रच हवीत. एकटे पीएमए फास लिगँड आणत नाही, कारण कॅल्शियमचा फाटा बंद असतो. उलट पीकेसी आणि ईआरके चालवून ते पेशीला फासपासून वाचवते.

आयएल-२ पेशीला वाचवेल याची काळजी नको. ते भूकमरीतून वाचवते, फासमधून नाही.

---

वेरूळ, संभाजीनगर

गोदातीर सर, इथे थोडे पुढे जायला हवे. आयएल-२ फासमधून फक्त वाचवत नाही असे नाही, तर ते फासच्या मृत्यूची तयारी करून देते. स्टॅट-५ मार्फत ते फास लिगँडचे लेखन वाढवते आणि सी-फ्लिप खाली आणते. आयएल-२ किंवा त्याचा रिसेप्टर नसलेले उंदीर उपाशी मरत नाहीत, त्यांच्यात टी-पेशी साठतात आणि स्वप्रतिकाराचा आजार होतो. त्यात नियामक टी-पेशी नसणे हे मोठे कारण आहे, पण मुद्दा हा की आयएल-२ ला नुसते "जगवणारे" म्हणून प्रबंधात लिहिले तर परीक्षक पकडतील.

याचा व्यवहारात अर्थ असा, ताई: दुसरे उत्तेजन आयएल-२ सोबतच द्या. आयएल-२ काढून उत्तेजन दिले तर दोन्ही मृत्यू एकमेकांत मिसळतील आणि कुठला किती हे कळणार नाही.

सहाव्या दिवशी विहिरी अशा लावाव्यात. एकीत आयएल-२ चालू, बाकी काही नाही. एकीत आयएल-२ काढलेले, म्हणजे दोनदा धुऊन आयएल-२ नसलेल्या माध्यमात. एकीत आयएल-२ सोबत पीएमए-आयनोमायसिन. एकीत तेच, पण ४५ मिनिटे आधी सायक्लोस्पोरिन ए २०० नॅनोमोलर. सायक्लोस्पोरिन कॅल्सिन्युरिनला थांबवते, एनफॅट केंद्रकात जात नाही, फास लिगँड बनत नाही. तुमचा मृत्यू खरेच या मार्गाचा असेल तर इथे तो पडायलाच हवा. आयएल-२ काढलेल्या विहिरीत मात्र सायक्लोस्पोरिनने फरक पडू नये, म्हणून तिथेही एक जोडी लावा. शिवाय आयएल-२ चालू ठेवून एलवाय-२९४००२ १० मायक्रोमोलर. पीआय-३ किनेझ अडली की आयएल-२ असूनही फॉक्सो-३ आत जातो आणि आयएल-२ काढल्यासारखे चित्र दिसू लागते. पण स्टॅट-५ चा फाटा चालूच असतो, त्यामुळे मृत्यू आयएल-२ काढलेल्या विहिरीइतका नसेल. हा फरकच तुमचा निकाल आहे. हे औषध इतर किनेझनाही थोडे अडवते, तेवढे चर्चेत लिहा. प्रत्येक विहिरीत डीएमएसओ सारखे, ०.१ टक्क्याच्या आत.

झेड-व्हॅडबद्दल सावध. कॅस्पेज अडवले की पेशी वाचतेच असे नाही. कॅस्पेज-८ चे एक शांत काम म्हणजे रिपके-१ आणि रिपके-३ यांना कापत राहणे. ते थांबले आणि टीएनएफ किंवा फासचा संदेश चालू असला तर हे दोघे जमून एमएलकेएलला फॉस्फेट लावतात. एमएलकेएल पेशीच्या पडद्याला छिद्रे पाडते आणि पेशी फुगून फुटते. याला नेक्रॉप्टोसिस म्हणतात. अ‍ॅनेक्झिन-पीआयवर ती पेशी दोन्हींना पॉझिटिव्ह दिसते, उशिराच्या अपॉप्टोसिससारखीच. म्हणून झेड-व्हॅडच्या विहिरीला नेक्रोस्टॅटिन-१ एस (रिपके-१ अडवणारे) १० मायक्रोमोलरची जोड असलेली एक विहीर हवी. झेड-व्हॅडने मृत्यू कमी होत नाही आणि दोन्ही मिळून होतो, तर पेशीने वाट बदलली होती. आणि आयएल-२ काढलेल्या विहिरीत झेड-व्हॅडने डीएनए तुटणे थांबेल, पण बिमने मायटोकॉण्ड्रिया आधीच उघडलेल्या असल्याने पेशी पुढे मरतेच. तिथे "झेड-व्हॅडने वाचली" असे लिहायचे असेल तर ७२ तासांनी जिवंत पेशी मोजून मगच लिहा.

आता सायटोमीटर नसण्याची अडचण. अ‍ॅनेक्झिन-पीआय रंगवलेली नळी एका तासात वाचावी लागते, लातूरकडून इथपर्यंत ती टिकणार नाही. पीआय मेलेल्या पेशीतच शिरायला हवे, म्हणून आधी फिक्स करूनही चालत नाही. त्यापेक्षा कामाचे तीन भाग करा.

तिथल्या तिथे: अ‍ॅक्रिडिन ऑरेंज आणि इथिडियम ब्रोमाइड, दोन्ही १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, मिसळून १ मायक्रोलिटर, त्यात २५ मायक्रोलिटर पेशी. फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली लगेच पाहा, निदान २०० पेशी मोजा. हिरवे, सलग केंद्रक म्हणजे जिवंत. हिरवे पण आवळून तुकडे झालेले म्हणजे सुरुवातीचा अपॉप्टोसिस. नारिंगी आणि तुकडे म्हणजे उशिराचा. नारिंगी पण सलग केंद्रक म्हणजे नेक्रोसिस. यात नेक्रॉप्टोसिस वेगळा दिसतो, जो अ‍ॅनेक्झिनवर दिसत नाही. गरिबाची पद्धत म्हणून हिला कमी लेखू नये. मोजणाऱ्याला नळी कोणती ते कळू देऊ नका, इथिडियमला हातमोजे घाला.

साध्या एलायझा रीडरवर: कॅस्पेज-३ ची क्रिया. दर नळीत ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रथिन, डीईव्हीडी-पीएनए २०० मायक्रोमोलर, डीटीटी १० मिलिमोलर, ३७ अंश, एक ते दोन तास, ४०५ नॅनोमीटरला वाचा. कॅस्पेजच्या कामाच्या जागी सिस्टीन आहे, ऑक्सिडाइज झाले की एन्झाइम झोपते. डीटीटी त्याच दिवशी बनवा. शेजारच्या नळीत डीईव्हीडी-सीएचओ हा इनहिबिटर घालून जो रंग उरतो तो वजा करा, तो कॅस्पेजचा नाही.

माझ्याकडे, म्हणजे संभाजीनगरला, आणण्यासाठी: ७० टक्के थंड इथेनॉलमध्ये फिक्स केलेल्या पेशी. १० लाख पेशी अर्ध्या मिली पीबीएसमध्ये नीट सुट्या करा, व्हॉर्टेक्स मंद चालू ठेवून थेंब थेंब इथेनॉल सोडा. एकदम ओतले तर पेशींच्या गुठळ्या होतात आणि त्या पुढे सुटत नाहीत. उणे २० वर त्या काही आठवडे टिकतात. इथे आल्यावर पीआय ५० मायक्रोग्रॅम आणि आरएनेज १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ३७ अंशांवर ३० मिनिटे, आणि जी-१ शिखराच्या (अखंड डीएनए असलेल्या पेशींच्या) डावीकडचा भाग मोजायचा. तुटलेले डीएनए धुलाईत निघून जाते म्हणून तो भाग तयार होतो. आरएनेज विसरलात तर आरएनएही रंगतो, शिखर पसरते आणि काहीच सांगता येत नाही.

---

दुधनाकाठ, परभणी

वेरूळ यांच्या यादीत एक पॉझिटिव्ह कंट्रोल राहिला. स्टॉरोस्पोरिन १ मायक्रोमोलर, ५ तास. मार्ग कोणताही असो, ही नळी मरलीच पाहिजे. ती मरली नाही तर त्या दिवसाचा निकालच धरू नका.

पेशीच्या वर्तनात शेळीचे वयही येते. करडाच्या रक्तात गॅमा-डेल्टा टी-पेशींचे प्रमाण मोठे असते, प्रौढ शेळीत ते उतरते. एका प्रयोगात करडू आणि दुसऱ्यात चार वर्षांची शेळी घेतली तर तुम्ही दोन वेगळ्या मिश्रणांची तुलना करताय. वय १ ते ३ वर्षे ठेवा, गाभण नको, गेल्या महिन्यात लसीकरण झालेली नको. लस टोचलेल्या शेळीत आधीच सक्रिय झालेल्या पेशी फिरत असतात, आणि पहिल्याच दिवशी त्यांतल्या काही फासला बळी पडतात. मग गोदातीर सरांचा दिवसांचा हिशेब बिघडतो.

---

मांजराकाठ, लातूर जिल्हा

कळले. एकच शेवटचे: सहाव्या दिवशी या सगळ्या विहिरी, तीन-तीन प्रती, एवढ्या पेशी १० मिली रक्तातून निघतील का?

---

दुधनाकाठ, परभणी

नाही निघणार. नीट वेगळे केले तरी शेळीच्या मिलीभर रक्तातून हाती १० ते २० लाख धरा. तुमच्या सात-आठ परिस्थिती, झेड-व्हॅडच्या जोड्या, स्टॉरोस्पोरिन आणि शून्य तास मिळून साधारण १२ प्रकार, तिप्पट ३६ विहिरी. विहिरीत ५ लाख म्हणजे १ कोटी ८० लाख. कॅस्पेजला वेगळ्या पेशी लागतील, त्या आणखी तितक्याच. कॉन-ए आणि आयएल-२ वर पेशी वाढतात हे खरे, पण पहिल्या दोन दिवसांत बऱ्याच गळतातही, तेव्हा वाढीच्या भरवशावर राहू नका. ३० मिली रक्त घ्या, ३० किलोच्या शेळीला तेवढे सोसते. वेगळे करायला एका दिवशी दोनपेक्षा जास्त शेळ्या नकोत, हात आणि सेंट्रिफ्यूज दोन्ही पुरत नाहीत. सहावा दिवस वीज जाण्याच्या वारी येणार नाही असे पाहून सोमवारी सुरुवात करा, आणि माध्यमात हेपेस २५ मिलिमोलर ठेवा. इनक्युबेटरचा कार्बन डायऑक्साइड तासभर गेला तरी पीएच सावरून राहील.